मुठीवरचा डाग

नागेशनं बुटाचं काळं पॉलिश बोटाच्या टोकावर घेतलं, तलवारीच्या मुठीशी चोळलं, हात लांब करून पाहिलं आणि हताश होऊन म्हणाला, "रक्तावानी दिसंना की हे."

तो परसात हौदाच्या आडोशाला उकिडवा बसला होता. रविवारची सकाळ होती आणि संध्याकाळी पाच वाजता सोनपेठच्या बुद्धविहारात त्याच्या पुतणीचा सत्कार होता. संघप्रिया, थोरल्या सिद्धोधनची एकुलती एक मुलगी, फौजेत डॉक्टर म्हणून रुजू व्हायला उद्या लखनौची गाडी धरणार होती. त्या कार्यक्रमात घरची तलवार जरा चमकावी एवढाच नागेशचा हेतू होता. त्याच्या हेतूंविषयी घरात कधी कुणाची तक्रार नव्हती. तक्रार असायची ती हेतू पार पडल्यानंतरची.

"भावजी, काय करायलाव तिकडं?"

माशाची खवलं टाकायला त्याची थोरली भावजय सुकेशनी परसात आली होती. तेवीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवल्यामुळे पाठमोरा बसलेला माणूस काहीतरी लपवतोय हे तिला लांबूनच कळायचं.

"काई न्हाई वहिनी. पॉलिश करायलोय."

"तलवारीला? बुटाचं?" ती जवळ आली, वाकली आणि तिच्या हातातली थाळी कलंडली. "अगं माय! डाग कुटं गेला?"

तो डाग म्हणजे काय, हे सोनपेठात पोराटोरांना ठाऊक होतं. नागेशचे वडील सिताराम खंदारे, ज्यांना घरदार आणि गाव आबा म्हणायचं, त्यांचे आजोबा चंद्रभान. निजामाच्या राज्यात ते हिंगोलीच्या छावणीत होते. तिथं चालून आलेल्या सात दरोडेखोरांना त्यांनी ह्या तलवारीनं लोळवलं आणि सातव्याचं रक्त मुठीशी वाळून काळं झालं, ते आजतागायत. दर चौदा एप्रिलला आबा तलवार घेऊन विहारात उभे राहत, डागावर बोट ठेवत आणि विचारत, "किती?" सगळी पोरं एका सुरात ओरडत, "सात!"

आबांचा वर्गमित्र बन्सीधर शेजारीच राहायचा. त्याची गावाबाहेर चार एकर कापूस आणि तूर होती आणि आबांची खोडी काढणं हे पाचवं एकर. तो म्हणायचा, "येलदरीच्या धरणावर नोकरीत होता तवा तीन होते. रिटायर झाला तवा पाच झाले. आता सात. आणखी धा वर्सं जगला तर ह्याचा आजा एकटाच निजाम बुडवतो का न्हाई बगा."

आबा चिडत नसत. फक्त डागाकडे बोट करत. पन्नास वर्षांत त्या मुठीला ओलं फडकं लागलेलं नव्हतं, तसा सक्त हुकूमच होता.

"शुक्रवारी मखमलीचा स्टँड करून आणतो म्हणून नेली," नागेश सांगू लागला. त्याचा मानवतला मंडप-डेकोरेशनचा धंदा होता, त्यामुळे मखमल घरचीच. "म्हणलं लागल्या हाती धार लावून घ्यावी. धारवाल्यानं दोनदा चाकावर धरली अन् बाजूला ठेवली. म्हणला, शेठ, हिला धार लागायची न्हाई. ही कापायसाठी केलेलीच न्हाई."

"अन् डाग?"

"मूठ लयच कळकट दिसायली व्हती वहिनी. म्हणून जराशी चिंच अन् राख..."

"भावजी!"

"एकदाच घासलं. मायची आण, एकदाच."

डागाखालून पिवळंजर्द पितळ निघालं होतं. पितळेवर एक काठी कोरलेली होती आणि काठीला विळखा घालून वर चढलेला एक साप.

सुकेशनी त्या सापाकडे बघत राहिली. मग तिनं घराकडे तोंड करून हाक मारली, "संघू! जरा इकडं ये. हळूच ये. आबांना कळू देऊ नको."

*

संघप्रियाला तो साप शुक्रवारपासून ठाऊक होता. काकानं फोटो पाठवून खाली लिहिलं होतं, "डॉक्टर, हा कोणता साप? विषारी आहे का?" ती आधी पोट धरून हसली आणि मग खुर्चीवर बसून राहिली. अगदी तसाच साप, तसाच काठीला वेढलेला, तिला आलेल्या रुजू होण्याच्या पत्राच्या माथ्यावर होता.

तिचे एक जुने प्राध्यापक फौजेतून निवृत्त झालेले होते. त्यांना तिनं फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दोन दिवस तिच्या फोनमध्ये पडून होतं आणि तिनं ते कुणालाच दाखवलं नव्हतं. "ही सर्जनची तलवार. जुन्या काळी फौजेतल्या डॉक्टरांनाही गणवेशाबरोबर तलवार असे. संचलनाला कमरेला लावायची, एरवी पेटीत. पातं बारीक, धार मुळातच नाही. मानाची वस्तू आहे, मारायची नाही. जपून ठेव."

दाखवलं नव्हतं, कारण बुधवारी ती आबांशी बोलली होती. लहानपणापासून मनात होतं ते पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली होती, "आबा, मी फौजेत चालले. आता तलवार मला द्या."

आबा मिशीत हसले होते. "ही लढणाऱ्याची हाय, संघू. माझ्या आजीचा तसा बोल हाय. मी धरणावर बटणं दाबली, तुझा बाप फायली दाबतो, म्हणून ती भिंतीवर राहिली. तू तितं जाऊन काय करणार? सुया टोचणार. सुयांना तलवार कशाला?"

सगळे हसले. तीही हसली. पण ते शब्द तिच्या डोक्यातून अजून गेले नव्हते. तिला तलवारीचं लोखंड नको होतं. आबांनी भर विहारात आपल्या हातात ती ठेवावी आणि ही ह्या घरातली लढणारी म्हणावं, एवढंच हवं होतं. सत्ताविसाव्या वर्षी असं काही हवं असणं पोरकटपणाचं आहे हे तिला कळत होतं, आणि तरी हवंच होतं.

आता परसात उभं राहून तिनं ते उत्तर वाचून दाखवलं. तेवढ्यात तिचे वडील सिद्धोधन टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला आले आणि त्यांनीही ऐकलं. ते परभणीला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. एखादी गोष्ट कागदावर आली की त्यांना ती पटलीच.

"मग विषयच मिटला," ते म्हणाले. "तलवार डॉक्टरची हाय, घरात डॉक्टर एकच हाय. आबांना जे हाय ते सांगून टाका."

"दादा, एक्क्याऐंशी वर्सांच्या माणसाला काय सांगणार?" नागेश उसळला. "का तुमचा आजा लढलाच न्हाई? उभ्या गावाफुडं?"

"खोट्यावर किती दिवस भागवायचं?"

"पन्नास वर्सं भागलं की! आजचा एक दिवस जड झाला का?"

सुकेशनी नवऱ्याच्या बाजूनं बोलायला तोंड उघडणार होती. पोटच्या पोरीचा हक्क होता. पण लग्नानंतर डीएडला प्रवेश मिळाला तेव्हा माहेरचे, सासरचे सगळे गप्प असताना सासऱ्यांनीच सायकल काढली होती, आणि पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी सोडून घंटा होईपर्यंत तिथंच उभे राहिले होते, ते तिला आठवलं.

"भावजी म्हणत्यात ते बरोबर हाय," ती म्हणाली. "मामाजींची इज्जत जाईल असं काई करायचं न्हाई."

सिद्धोधननं बायकोकडे असं पाहिलं की जणू तिनं भर कचेरीत दुसऱ्या युनियनचा अर्ज भरला. "घ्या! तू पण तिकडंच?"

तिघंही संघप्रियाकडे बघू लागले. तिनं फोन खिशात टाकला आणि क्षणभर सापाकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

"द्या इकडं, काका. वाळलेलं रक्त असं काळंकुळकुळीत नसतं. आई, माझ्या बॅगेतून आयोडीन आण अन् कान साफ करायच्या काड्या आण."

तिनं पॉलिशमध्ये आयोडीनचे थेंब कालवले आणि काडीनं हळूहळू लावत गेली. कडेला फिकं, मधे गडद. आधी सापाची शेपटी गेली, मग काठी, मग फणा. नागेश शेजारी बसून पाहत होता.

"एकदम ओरिजिनल," तो कौतुकानं म्हणाला. "माझ्यासंगं धंद्यात ये, फौजेत काय ठिवलंय?"

तिला हसू आलं नाही.

*

आबांची बायको सरजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. पंच्याहत्तरीत तिला ऐकायला कमी येई अशी घरात समजूत होती. समजूत तिनंच पसरवलेली होती आणि तिचे फायदे फार होते.

मघापासून तिनं शब्द न् शब्द ऐकला होता. दोन्ही पोरांचं भांडण ऐकताना तिला मजाच वाटत होती. पण नातीनं काडी हातात घेतली आणि आपल्याच हातानं आपल्या हक्काची खूण बुजवायला लागली, तेव्हा तिची मजा संपली. पोरीचा चेहरा दवाखान्यात परक्या माणसाची जखम बांधताना असावा तसा शांत होता. ते तिला बघवेना.

"पुस ते," ती पायरी उतरत म्हणाली.

"आज्जी, तुला काय माहीत..."

"पुस म्हणले ना! ते रक्त कवाच नव्हतं. मासा व्हता त्यो."

चौघंही तिच्याकडे वळले.

"असं काय बघायलाव? मासा. मरळ. येलदरीची," सरजाबाई हौदाच्या काठावर टेकली. "बहात्तरचा दुष्काळ. आमी धरणाच्या क्वार्टरात. ह्यांची पावरहाऊसला डबल ड्यूटी. घरात रेशनच्या मिलो ज्वारीचं पीठ बी न्हाई. धरण आटलं तसे मासे वर यायले. शेजारच्या रेणुकानं एवढाली मरळ दिली, तर भाजायला सळई न्हाई. सासरा वारल्यावर ही तलवार गोणपाटात बांधून आली व्हती, ती माळ्यावर तशीच. मी सोडून बघितली. लांब, बारीक, टोकदार. मला तर ती सळईच वाटली."

"माय!" नागेश ओरडला. "चंद्रभानच्या तलवारीवर मासा?"

"एक न्हाई, त्या साली लय भाजले. तू बी खाल्लास, दूध सुटलं व्हतं तुझं नुकतंच. चरबी सारी मुठीकडं यायची अन् जळून बसायची. पाऊस पडला तशी गोणपाटात गुंडाळून ठिवली."

संघप्रियाच्या हातातली काडी तशीच राहिली होती. "मग आबांना सांगितलं का न्हाई?"

सरजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "दोन सालांनी कॉलनीतल्या जयंतीला ह्यांनी भाषणात गोणपाट सोडलं. डाग बघितला अन् डोळ्याला पाणीच आलं ह्यांच्या. शे-दीडशे माणसांफुडं म्हणले, हे बघा रक्त. मी पहिल्या रांगेत. आता तितं उठून काय सांगू, अवं, ती मरळ हाय म्हणून?"

नागेश आधी हसला. मग सुकेशनीला हसू आवरेना. सिद्धोधन तोंडावर टॉवेल धरून पाठ फिरवून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. संघप्रिया हसता हसता रडली, तेव्हा आजीनं तिला जवळ ओढलं.

"त्यांना मीच सांगते," सरजाबाई म्हणाली. "भाजला मी, तर सांगायचा जिम्मा बी माझाच."

*

आबा जेवायला बसले तेव्हा ताटात भाकरी, रस्सा आणि भाजलेल्या माशाचा मोठा तुकडा होता. सगळं घर आजूबाजूला जेवायला बसलं होतं आणि कुणीच जेवत नव्हतं. माणसं अशी गप्प बसली की नागेशनं काहीतरी केलेलं असतं, एवढं आबांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे घास घेतला.

"मासा कसा झालाय?" सरजाबाईनं विचारलं.

"झकास."

"येलदरीला असताना लागायचा तसा हाय का?"

"त्याची बात और व्हती," आबा म्हणाले. "तसा मासा परत खाल्ला न्हाई."

"खाणार कसा? त्यो तलवारीवर भाजलेला व्हता."

आबांचा घास हातातच राहिला. सरजाबाईनं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिचं संपतंय तोवर नागेशनं एका दमात धारवाला, चिंच, राख आणि पॉलिश कबूल करून टाकलं. शेवटी सिद्धोधननं लेकीचा फोन घेतला आणि प्राध्यापकांचा मजकूर सरकारी पत्र वाचावं तसा, तारखेसकट वाचून दाखवला.

आबा उठले. हात धुतले. मखमलीच्या स्टँडवरून त्यांनी तलवार उचलली आणि खांद्यावरच्या पंच्यानं मूठ चोळली. पॉलिश निघालं तसा साप वर आला.

"लहानपणी बघितला तवा मला ह्यो वेल वाटला व्हता," ते म्हणाले. "कारल्याचा."

"आबा..." संघप्रियानं हाक मारली.

"पाचला बघू," ते म्हणाले, आत गेले आणि दार लोटून घेतलं.

खाटेवर बसल्यावर त्यांनी तलवार मांडीवर घेतली. बायकोचा राग आला नव्हता, पोराचाही नाही. राग आला होता तो सोळा वर्षांच्या सितारामचा. परभणीचं वसतिगृह, एकोणिसशे एकोणसाठ. दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. वक्तृत्व स्पर्धेत पोरांनी आपापल्या पूर्वजांविषयी बोलायचं होतं. पुढच्या बाकावरच्या पोराचा पणजोबा देशमुख होता, त्याच्या शेजारच्याचा किल्लेदार. सितारामला आजीनं जी गोष्ट सांगितली होती, तिच्यात किल्ला नव्हता आणि लढाईही नव्हती. ती सांगायची त्याला लाज वाटली. दुसऱ्यांची घाण उचलण्याच्या गोष्टी त्याच्या लोकांकडे काय कमी होत्या? त्याला एक लढणारा आजा हवा होता. तो त्यानं बोलता बोलता तयार केला, टाळ्या पडल्या, आणि मग पासष्ट वर्षं तोच खरा झाला. आजीचा बोलही त्यानं बदलला होता. जो लढतो त्याला तलवार, असं आजी कधीच म्हणाली नव्हती.

त्याच बदललेल्या बोलावर त्यानं बुधवारी नातीला हसून वाटेला लावलं होतं. आबांनी सापावरून अंगठा फिरवला.

*

विहार गच्च भरला होता. वंदना झाली, हार झाले, तीन भाषणं झाली. संघप्रिया मंचावरच्या खुर्चीत अवघडून बसली होती आणि दाराकडे बघत होती. आबा आले नव्हते. आपण उगाच तो मजकूर आबांना ऐकू दिला, असं तिला शंभरदा वाटून गेलं. खाली पहिल्या रांगेत आजी बसली होती, तिच्या मागे आईबाबा, काका. बन्सीधर दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

मग दारातून आबा आले. पांढरा सदरा, निळा फेटा, हातात उघडी तलवार. पोरं सावरून बसली. आबांनी माईक घेतला.

"जय भीम," ते म्हणाले आणि सवयीनं तलवार उंच धरून विचारलं, "किती?"

"सात!" सगळा विहार ओरडला.

"एकबी न्हाई," आबा म्हणाले.

कुणाला काही कळेना. मागच्या पोरांनी चुकलं असेल म्हणून पुन्हा "सात!" म्हणून पाहिलं.

"एकबी न्हाई रे बाबांनो. सात मी मारले, भाषणात. माझ्या आज्यानं कुणालाच मारलं न्हाई. डाग रक्ताचा नव्हता, माशाचा व्हता. त्याचं सविस्तर तुमाला आमची सरजाबाई सांगंल, ती बसलीय फुडं."

सरजाबाईनं पदर तोंडावर घेतला.

"ही तलवार फौजेच्या डॉक्टरची. माझा आजा त्याच्या हाताखाली चाकर. दवाखाना झाडायचा, पट्ट्या धुवायचा, संचलनाच्या दिवशी ही तलवार घासून द्यायचा. एका साली छावणीत पटकी आली. हगवण, वांत्या, माणसं पटापटा मरायली. चाकर होते ते सारे रातोरात पळाले. चंद्रभान पळाला न्हाई. डॉक्टर अन् हा, दोघंच राहिले. ज्या हातचं पाणी एरवी कुणी घेत नव्हतं, त्याच हातानं त्यानं साऱ्यांना पाणी पाजलं. घाण काढली. साथ गेली. साहेबाची बदली झाली तवा त्यानं कमरेची तलवार काढून माझ्या आज्याला दिली." त्यांनी सापावर बोट ठेवलं. "माझ्या आजीनं हे मला सांगितलं व्हतं. मला त्याची लाज वाटली. आज मला त्या लाजेची लाज वाटायलीय."

मग दाराशी खुर्ची सरकली आणि बन्सीधर उभा राहिला. आजोबांची खोडी काढणार म्हणून संघप्रियानं श्वास रोखला.

"सिताराम," बन्सीधर म्हणाला. "मग वाचवले किती?"

आबांनी तोंड उघडलं. पासष्ट वर्षांची सवय ओठांवर आलेली सगळ्यांना दिसली. त्यांनी ती गिळली.

"कुणी मोजले न्हाईत," ते म्हणाले.

"फुडल्या जयंतीला सत्तर व्हतील बघ," सरजाबाई शेजारणीला म्हणाली. तिला कमी ऐकू येतं अशी समजूत असल्यामुळे ते साऱ्या विहाराला ऐकू गेलं, आणि साऱ्यांत मोठ्यानं आबाच हसले. मग डोळे पुसून ते मंचाकडे वळले.

"आजीचा बोल असा व्हता, का जो पळत न्हाई त्याच्या हातात ही द्या. करोनाच्या साली ही पोर सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर व्हती. तिला घरी आणा म्हणून आमी नागेशला टेम्पो देऊन धाडलं. तिनं टेम्पो बी ठिवून घेतला अन् काका बी. नऊ दिवस दोघांनी ऑक्सिजनच्या टाक्या वाहिल्या. तवाच ही तलवार तिच्याकडं जायला पाहिजे व्हती. मीच आंधळा."

नागेश खाली मान घालून बसला होता. त्याचा एखादा हेतू भर सभेत नीट पार पडल्याचं पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

"कॅप्टन संघप्रिया खंदारे," आबा म्हणाले. एवढ्या वर्षांत ते तिला कायम 'संघू, ये' म्हणत आले होते. "इकडं या."

ती उठली. मनातल्या मनात तिनं हा क्षण किती वेळा घडवला होता, आणि प्रत्येक वेळी ती ताठ उभी राहून कडक सॅल्यूट ठोकत होती. प्रत्यक्षात तिला समोरचं नीट दिसतही नव्हतं. आबांनी तलवार आडवी धरून तिच्या दोन्ही हातांवर ठेवली. ती फार हलकी होती. मुठीच्या खोबणीत राहिलेलं थोडंसं पॉलिश तिच्या अंगठ्याला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

टाळ्या थांबल्यावर ती मंचावरून उतरली आणि पहिल्या रांगेत आजीसमोर गुडघ्यांवर बसली.

"रेल्वेत ही नेता येत न्हाई, आज्जी. मी सुट्टीला येईपर्यंत तूच सांभाळ." तिनं तलवार आजीच्या मांडीवर ठेवली. "पण तलवार माझी हाय. तिच्यावर मासा भाजायचा न्हाई."

सरजाबाईनं तलवार उलटीसुलटी करून पाहिली. पात्याच्या लांबीचा अंदाज घेतला.

"वांगं?" तिनं विचारलं.

तलवारीच्या मालकिणीनं थोडा विचार केला.

"वांगं चालंल," ती म्हणाली.